परदेशात नेण्याची विद्युत उपकरणे आणि प्लग अडॅप्टर यांबद्दल मार्गदर्शन हवे आहे

ठाणेकर

सर्वांना नमस्कार. पुढच्या महिन्यात मी आणि माझे यजमान मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जात आहोत. तिथला मुक्काम काही महिन्यांचा असेल. परतताना म्युनिकला मुलाकडे आणि लंडनला भाचीकडे थोडे थोडे दिवस राहून आम्ही मुंबईला येऊ. कपडे, औषधे, डिंक, आळीव, बाळंतशोपा यांची यादी करून झाली. विजेच्या वस्तूंपाशी मात्र घोडे अडले आहे, कारण ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो.

नेण्याचा विचार आहे त्या वस्तू अशा: दोन मोबाइल, एक लॅपटॉप आणि त्यांचे चार्जर, यजमानांना रात्री झोपताना लागणारे सीपॅप यंत्र (श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे), त्यांच्याच दम्यासाठी घेतलेला, घरातल्या साध्या सॉकेटवर चालणारा नेब्युलायझर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, माझ्या कमरेसाठी शेकण्याचा विजेचा पट्टा, दीड हजार वॅटची किटली, आणि ७५० वॅटचा मिक्सर. मिक्सरचा आग्रह मुलीचा आहे. तिच्याकडच्या ब्लेंडरमध्ये ओले खोबरे आणि भिजवलेली डाळ नीट वाटली जात नाही, असे ती म्हणते. बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचे मलाच पाहायचे असल्यामुळे हाताला सवय असलेला मिक्सर बरोबर असावा, असे मलाही वाटते.

दुकानदाराने एक चौकोनी ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर दाखवला आणि याला काहीही लावा, कुठल्याही देशात चालेल, असे सांगितले. शेजारचे गृहस्थ म्हणतात की नुसत्या अडॅप्टरने भागत नाही, ट्रान्सफॉर्मर लागतो. या वस्तूंपैकी काय न्यावे, कशाला अडॅप्टर पुरेल आणि कशाला पुरणार नाही, तसेच तिन्ही देशांत एकच अडॅप्टर वापरता येईल का, हे कोणी नीट समजावून सांगेल का? यजमानांच्या यंत्रांच्या बाबतीत मला कोणताही धोका पत्करायचा नाही.

विजेरी

ताई, तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. अडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो. सॉकेटमध्ये जे व्होल्टेज असेल ते तो जसेच्या तसे उपकरणापर्यंत पोचवतो. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि जर्मनी व ब्रिटनमध्येही ती तशीच असते. अमेरिकेत मात्र ती १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असते. त्यामुळे म्युनिक आणि लंडनला तुमचा प्रश्न पिनांपुरता आहे, न्यू जर्सीला तो विजेचाच आहे, आणि तो कोणत्याही अडॅप्टरने सुटणार नाही.

अडॅप्टर विकत घेण्याआधी प्रत्येक उपकरणाच्या तळाशी किंवा चार्जरच्या पाठीवर छापलेली माहिती भिंग घेऊन वाचा. तिथे ‘इनपुट’ या शब्दापुढे ‘१००-२४०’ असा व्होल्टेजचा पल्ला आणि ‘५०/६०’ हर्ट्झ असे लिहिले असेल, तर ते उपकरण जगात जवळपास कुठेही केवळ योग्य पिनांच्या आधारावर चालते. मोबाइल आणि लॅपटॉपचे बहुतेक सर्व चार्जर या गटात येतात, कारण त्यांच्या आतील इलेक्ट्रॉनिक मंडल येणारे व्होल्टेज ओळखून स्वतःला जुळवून घेते. याउलट केवळ ‘२३०’ किंवा ‘२२०-२४०’ व्होल्ट आणि ‘५०’ हर्ट्झ लिहिलेले असेल, तर ते उपकरण अमेरिकेसाठी नाही असे समजावे. ढोबळमानाने ज्या वस्तूचे काम उष्णता देणे किंवा मोटर फिरवणे आहे, ती दुसऱ्या गटात निघते.

आता तुमच्या यादीकडे येतो. सीपॅप यंत्राचा वीजपुरवठा बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, कारण ही यंत्रे प्रवासात न्यावी लागतात हे उत्पादकांनी गृहीत धरलेले असते. तरीही तुमच्या यंत्राच्या काळ्या अडॅप्टरवरचे आकडे स्वतः वाचून खात्री करा. पल्ला १०० ते २४० असेल तर त्याच्यासाठी प्लग अडॅप्टर घेण्याऐवजी मी वेगळा मार्ग सुचवीन. या यंत्राची आणि लॅपटॉपचीही भिंतीकडे जाणारी वायर सहसा सुटी होते. तिचे यंत्राकडचे टोक ठरावीक आकाराचे असते: कुठे दोन गोल जोडल्यासारखे, कुठे तीन गोलांचे, तर कुठे तीन भोकांचे मोठे. हे आकार आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले असल्यामुळे त्याच टोकाची, पण दुसऱ्या बाजूला अमेरिकन प्लग असलेली वायर तिकडे कोणत्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात मिळते. मुलीला टोकाचा फोटो पाठवा आणि ती वायर आधीच आणून ठेवायला सांगा. रात्रभर चालणारे यंत्र भिंतीतून लोंबकळणाऱ्या अडॅप्टरवर सोपवण्यापेक्षा एकसंध वायरवर चालवणे कितीतरी अधिक भरवशाचे आहे. पहिली रात्र सुखरूप जावी म्हणून एक साधा अडॅप्टर जवळ असू द्या. आणि हे यंत्र केबिनमध्येच घ्या. बॅग हरवली किंवा उशिरा पोचली तर यजमानांची पंचाईत व्हायला नको.

नेब्युलायझरच्या बाबतीत अधिक सावध राहा. भारतात घरोघरी असलेला कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर बहुधा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झवरच चालणारा असतो. तो १२० व्होल्टला लावला तर आवाज येईल, थोडीफार वाफही दिसेल, पण हवेचा दाब पुरेसा तयार होणार नाही आणि औषध योग्य त्या बारीक थेंबांच्या रूपात फुप्फुसापर्यंत पोचणार नाही. यंत्र बंद पडले तर निदान ते कळते. अर्धवट चालणारे यंत्र औषध दिल्याचा भास निर्माण करते, म्हणून ते अधिक घातक. निघण्यापूर्वी तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा जाळीचा छोटा नेब्युलायझर यजमानांच्या औषधासाठी चालेल का ते पाहा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पंपाने औषध घेण्याचा पर्यायही ते सुचवू शकतील. रक्तदाबाचे यंत्र सेलवर चालत असेल तर त्याची चिंताच नको.

शेकण्याचा पट्टा आणि किटली दोन्ही घरी ठेवा. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्होल्टेज निम्म्यावर आले की उष्णता जवळजवळ पावपट होते. तुमची १५०० वॅटची किटली १२० व्होल्टवर सुमारे ४०८ वॅटच देईल. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला जिथे इथे साडेतीन-चार मिनिटे लागतात, तिथे तिला तेरा मिनिटे तरी सहज लागतील, आणि मध्ये जी उष्णता हवेत जाते ती धरली तर त्याहूनही अधिक. यात धोका फारसा नाही, उपयोगही नाही. तिथली किटली फार महाग नसते.

मिक्सरबद्दल सविस्तर लिहितो, कारण या एका वस्तूवरून घरोघरी वाद होतात. आपल्या मिक्सरची मोटर निम्म्या व्होल्टेजवर फिरते, त्यामुळे चालतोय की, असे वाटते. परंतु तिची ताकद खूप घटलेली असते. भांड्यात ओले खोबरे किंवा डाळ असेल तर पाती अडतात, आणि अडलेली मोटर फिरण्याऐवजी तापू लागते. तळाशी असलेले लाल बटण वारंवार बाहेर येईल, आणि ते दाबून दाबून मिक्सर चालवत राहिल्यास गुंडाळी जळेल. म्हणून अमेरिकेत भारतीय मिक्सर चालवायचा तर १२० व्होल्टचे २३० करणारा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तोही मिक्सरच्या वॅटइतकाच घेऊन चालत नाही. मोटर सुरू होताना आणि भरलेले भांडे फिरवताना ती नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह ओढते, म्हणून ७५० वॅटसाठी मी किमान १५०० व्होल्ट-अँपिअरचा (ट्रान्सफॉर्मरची क्षमता या एककात मोजतात) सुचवीन. तेवढा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांब्याचा कित्येक किलोंचा ठोकळा असतो. विमानाच्या बॅगेत त्याला जागा देणे मला पटत नाही.

बाजारात एक हलके, मुठीत मावणारे ‘कन्व्हर्टर’ही मिळते, ज्यावर १६०० किंवा २००० वॅट असे मोठे आकडे छापलेले असतात. ते विजेचा तरंग कापून व्होल्टेज कमी करते. ते अमेरिकेतून भारतात येणाऱ्यांच्या हेअर ड्रायरसारख्या वस्तूंसाठी, तेही थोडा वेळ वापरण्यापुरते बनवलेले असते. तरंग कापून व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे तुमच्या प्रवासात त्याचा काहीच उपयोग नाही. सीपॅपसारखे इलेक्ट्रॉनिक यंत्र तर त्याला कधीही जोडू नये.

एडिसनकर

विजेरी यांनी तांत्रिक बाजू नेमकी मांडली आहे. मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते, म्हणून इथल्या स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी सांगते.

ताई, मिक्सर आणू नका आणि ट्रान्सफॉर्मर तर मुळीच आणू नका. भारतीय बनावटीचे, भारतीय भांड्यांचे, पण ११० ते १२० व्होल्टसाठी बांधलेले मिक्सर इथे सहज मिळतात. एडिसन आणि इसेलिनच्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची इतकी दुकाने आहेत की चटणीचे छोटे भांडे, ओल्या वाटणाचे मोठे भांडे असे सगळे हात लावून, पाहून घेता येते. मुलीने तो तुम्ही येण्यापूर्वी घेतला तर पुढे अनेक वर्षे तिलाच उपयोगी पडेल. तुम्ही परत गेल्यावर ट्रान्सफॉर्मर हाताळणे, तो वापरून झाल्यावर आठवणीने बंद करणे हे सगळे तान्ह्या बाळाच्या आईच्या मागे कशाला लावायचे? तुमच्या बॅगेतली ती जागा गोडा मसाला, मेतकूट आणि डिंकाच्या लाडवांना द्या.

इथल्या साध्या सॉकेटला दोन उभ्या फटी आणि खाली अर्थिंगचे एक भोक असते. दोन फटींपैकी एक किंचित लांब असते, आणि काही अडॅप्टरांचे एक पातेही तसेच रुंद असते. म्हणून प्लग एका बाजूने जात नसेल तर जोर न करता उलटा करून पाहावा. खूप जुन्या घरांत अर्थिंगचे भोक नसलेली सॉकेटही दिसतात. वर्षानुवर्षे वापरलेल्या सॉकेटमध्ये पकड ढिली होते आणि भारतीय प्लग लावलेला जड अडॅप्टर अर्धा बाहेर येतो. तेव्हा पाती उघडी पडतात आणि ठिणग्याही उडतात. अशा ठिकाणी अडॅप्टर टेकवून, बांधून चालवण्यापेक्षा दुसरे सॉकेट शोधावे. आणि आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असते तसे इथे नसते. प्लग खोचला की वीज सुरू, हे तुम्हाला पहिले काही दिवस लक्षात ठेवावे लागेल.

स्वयंपाकघरात, सिंकजवळ आणि बाथरूममध्ये ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन छोटी बटणे असलेले सॉकेट दिसेल. वीज गळते आहे असे त्याला जाणवले की ते क्षणात पुरवठा तोडते. आपल्याकडच्या घरात बसवलेले सुरक्षा स्विच सहसा ३० मिलीअँपिअरला तुटतात, तर हे सुमारे ५ मिलीअँपिअरलाच तुटते. त्यामुळे सॉकेट अचानक मेले तर घाबरू नका. लावलेली वस्तू काढा आणि ‘रीसेट’ दाबा. तीच वस्तू लावल्यावर पुन्हा तुटले तर त्या वस्तूत दोष आहे, असे समजून ती वापरणे थांबवा.

इथल्या साध्या सॉकेटची मर्यादा १५ अँपिअर, म्हणजे १२० व्होल्टवर १८०० वॅट असते. पुष्कळ जण भारतातून २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि मोठा ट्रान्सफॉर्मर आणायचा विचार करतात. ती पूर्ण शक्तीवर चालवली तर भिंतीतून जवळजवळ १७ अँपिअर ओढले जातील आणि ब्रेकर पडेल. तशीच गोष्ट पाणी तापवण्याच्या रॉडची आहे, पण त्याची गरजही नाही, कारण इथे नळाला चोवीस तास गरम पाणी असते. काही हौशी कुटुंबे घरगुती पिठाची गिरणी, म्हणजे आपली घरघंटी आणतात. तिला ट्रान्सफॉर्मर जोडून व्होल्टेज मिळते, पण ६० हर्ट्झमुळे तिची मोटर सुमारे वीस टक्के जलद फिरते, आणि त्याचा परिणाम पिठाच्या तापण्यावर व यंत्राच्या झिजेवर होतो. म्हणून तसे कोणी सुचवले तर ६० हर्ट्झसाठी बनवलेलीच गिरणी शोधायला सांगा.

प्रेशर कुकर मात्र अवश्य आणा. त्याला विजेशी काही देणेघेणे नाही. मुलीच्या घरी काचेच्या सपाट पृष्ठभागाची इलेक्ट्रिक शेगडी असेल तर सपाट, जाड बुडाचा घ्या, आणि ती शेगडी इंडक्शनची असेल तर बुडाला लोहचुंबक चिकटतो ना, ते पाहून घ्या.

म्युनिकवासी

ताई, तुमच्या मिक्सरची कहाणी म्युनिकला येऊन बदलते. जर्मनीत वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे न्यू जर्सीत निरुपयोगी ठरणारा तोच मिक्सर मुलाच्या घरी ठाण्यासारखाच चालेल. मुलाला भारतीय मिक्सर हवा असेल तर केवळ अर्थिंग असलेला अडॅप्टर लागेल. मात्र त्यासाठी तो आधी अमेरिकेपर्यंत वाहून न्यावा का, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते थेट भारतातून येणाऱ्या कोणाबरोबर पाठवणे सोयीचे आहे.

अर्थिंगचा मुद्दा मी ठळकपणे मांडू इच्छितो, कारण त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दुकानदाराने दाखवलेल्यासारख्या, एका ठोकळ्यात चार देशांच्या पिना सरकवून बाहेर काढता येणाऱ्या अडॅप्टरांपैकी बऱ्याच जणांत अर्थिंगची जोडणीच नसते. आपला तीन पिनांचा प्लग त्यात जातो, वरच्या जाड पिनेसाठी भोकही असते, पण ते भोक आत कशालाही जोडलेले नसते. चार्जरसारख्या वस्तूंना याने फरक पडत नाही. ज्या वस्तूवर एका चौकोनात दुसरा छोटा चौकोन अशी खूण छापलेली असते तिला दुहेरी आवरण असते आणि तिला अर्थिंग लागत नाही. परंतु धातूचे अंग असलेली इस्त्री, किटली किंवा मिक्सर अशा ठोकळ्यावर चालवणे म्हणजे संरक्षण काढून टाकणे आहे. आतील वायर सुटून अंगाला टेकली तर फ्यूज उडणार नाही. शॉक हात लावणाऱ्यालाच बसेल. एक्स्टेंशन बोर्डाचेही तेच. अर्थिंग नसलेल्या अडॅप्टरवर घरून आणलेला बोर्ड लावला, तर त्या बोर्डावरच्या सर्वच सॉकेटांचे अर्थिंग गेले.

युरोपात पिनांच्या जाडीनेही गोंधळ होतो. आपल्याकडच्या बऱ्याच मोबाइल चार्जरांना ज्या दोन बारीक गोल पिना असतात त्या ४ मिलिमीटरच्या आणि युरोपीय मापाच्याच असतात, त्यामुळे ते चार्जर जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटली, स्वित्झर्लंड, डेन्मार्क येथे अडॅप्टरशिवाय सरळ बसतात. आपल्या तीन पिनांच्या नेहमीच्या प्लगच्या पिना मात्र ५ मिलिमीटरहून किंचित जाड असतात आणि जर्मन सॉकेट ४.८ मिलिमीटरसाठी असते. काही जण त्या दाबून बसवतात. त्याने सॉकेटच्या आतली पकड कायमची फाकते आणि पुढे तिथे लावलेला प्रत्येक प्लग ढिला राहून तापतो. भाड्याच्या घरात तर असे मुळीच करू नये. गीझर किंवा एसीला असतो तो आपला १६ अँपिअरचा जाडा प्लग प्रवासी अडॅप्टरांत जातच नाही.

अडॅप्टर विकत घेताना त्यावर छापलेली अँपिअरची मर्यादाही पाहा. मुलाकडे किंवा वाटेत हेअर ड्रायर वापरायचा असेल आणि अडॅप्टर ६ अँपिअरचा असेल, तर २३० व्होल्टवर त्याची हद्द १३८० वॅटला संपते. प्रवासी हेअर ड्रायरला १२० आणि २४० असा नाण्याने फिरवायचा खटका असतो. न्यू जर्सीहून इकडे येताना तो २४० वर आणल्याखेरीज प्लग लावू नका.

लंडनकर

भाचीकडच्या दोन-चार दिवसांसाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमधील सॉकेटला तीन आयताकृती भोके असतात. आपला गोल पिनांचा प्लगही मूळचा ब्रिटिश मानकाचाच आहे, परंतु १९४७ मध्ये ब्रिटनने नवे मानक आणले आणि त्यानंतर गोल पिना तिथल्या घरांतून हळूहळू गेल्या. आपल्याकडे त्या टिकल्या. नव्या रचनेत प्रत्येक प्लगच्या आत स्वतःचा फ्यूज असतो, जास्तीत जास्त १३ अँपिअरचा, आणि वरची लांब अर्थिंगची पिन आत गेल्यावरच खालच्या दोन भोकांवरचे पडदे उघडतात.

दोन पिनांचा चार्जर लावण्यासाठी वरच्या भोकात पेन किंवा चमच्याची दांडी घालून ते पडदे उघडणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया असे कोणी करू नये. लहान मुलांची बोटे आणि खिळे विजेपर्यंत पोचू नयेत म्हणून ते पडदे बसवलेले आहेत, आणि भाचीच्या घरी लहान मूल असेल तर ते पाहून शिकेल. साधा ब्रिटिश अडॅप्टर कोणत्याही विमानतळावर आणि भारतातही मिळतो. दुबई, सिंगापूर, मलेशिया येथेही तोच चालतो, त्यामुळे घेतलेला वाया जात नाही.

बाथरूममध्ये दोन भोकांचे जे सॉकेट दिसेल ते केवळ दाढीच्या यंत्रासाठी किंवा दातांच्या विजेच्या ब्रशसाठी असते. त्याच्या मागे सॉकेटला मुख्य विजेपासून वेगळे ठेवणारा छोटा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याची क्षमता फारच कमी असते. नेहमीचे सॉकेट तिथल्या बाथरूममध्ये नसतेच, त्यामुळे केस वाळवणे खोलीत येऊन करावे लागते.

ठाणेकर

सर्वांचे मनापासून आभार. काल प्रत्येक वस्तू उलटी करून आकडे वाचले. सीपॅपच्या अडॅप्टरवर १००-२४० आहे, लॅपटॉप आणि मोबाइलच्या चार्जरवरही तेच आहे. नेब्युलायझरवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एवढेच निघाले, म्हणून डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मिक्सर, किटली आणि पट्टा यादीतून काढले. मुलीला वायरच्या टोकाचा फोटो पाठवला आहे.

आणखी दोन शंका आहेत. जावई म्हणतात की त्यांच्याकडे कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचे सॉकेट भिंतीत आहे, तर भारतीय मिक्सर तिथे का लावता येऊ नये? दुसरे म्हणजे, परतताना मुलीला आमच्याबरोबर नणंदेसाठी तिथला केकचे पीठ घोटण्याचा मोठा मिक्सर आणि एक हेअर ड्रायर पाठवायचा आहे. ते ठाण्यात चालतील का?

विजेरी

जावयांची शंका योग्य आहे. अमेरिकेतल्या घरात दोन जिवंत तारा येतात. प्रत्येकीचे जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज १२० असते आणि त्या दोघींमध्ये मिळून २४० मिळते. वाळवणयंत्र, ओव्हन अशा मोठ्या वस्तू त्यावर चालतात. त्यामुळे व्होल्टेज आपल्या मिक्सरला पुरेसे आहे हे खरे. अडचण वेगळी आहे. आपल्याकडे एक तार जिवंत आणि दुसरी न्यूट्रल असते, म्हणून मिक्सरचे बटण एकच तार तोडते आणि तेवढे पुरते. तिथे बटण बंद केले तरी दुसऱ्या तारेने मोटरच्या आत १२० व्होल्ट पोचलेले राहतात. शिवाय ते सॉकेट ३० अँपिअरच्या ब्रेकरवर असते. मिक्सरच्या बारीक वायरमध्ये बिघाड झाला तर ब्रेकर पडण्यापूर्वी वायर पेटू शकते. इंटरनेटवर मिळणारे सुटे भाग जोडून असा अडॅप्टर घरी बनवणारे लोक आहेत; बाळ घरात येणार असताना जावयांनी तो मोह टाळावा. कायमची सोय हवीच असेल तर तिथल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून योग्य क्षमतेच्या, दोन्ही तारा एकदम तोडणाऱ्या दुहेरी ब्रेकरवर वेगळे सॉकेट बसवून घ्यावे लागेल, आणि तो खर्च नव्या मिक्सरच्या किमतीहून बराच अधिक होईल.

नणंदेसाठीच्या वस्तूंबाबत उलट दिशेचा धोका आहे, आणि तो मी अधिक गंभीर मानतो. भारतीय वस्तू अमेरिकेत नेली तर ती अशक्त होते. अमेरिकन वस्तू भारतात थेट लावली तर ती जळते. १२० व्होल्टचा १५०० वॅटचा ड्रायर आपल्या २३० व्होल्टला लावला, तर हिशेबाने तो ५५०० वॅट आणि सुमारे २४ अँपिअर ओढू लागेल, आणि काही क्षणांत त्याची तार तुटेल किंवा प्लास्टिक पेट घेईल. पिना अडॅप्टरमध्ये सुरेख बसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला काही गैर दिसत नाही. ड्रायर आणायचाच असेल तर खटका फिरवून २४० वर नेता येणारा, म्हणजे दुहेरी व्होल्टेजचा घ्या.

पीठ घोटण्याच्या मिक्सरची शक्ती मात्र बेताची असते. त्यावर ३०० ते ३५० वॅट लिहिलेले असेल तर २३० चे ११० ते १२० करणारा ७५० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेता येईल, आणि अशा मिक्सरला बहुधा ब्रश असलेली मोटर असल्यामुळे ५० हर्ट्झनेही अडचण येत नाही. मायक्रोवेव्ह मात्र ट्रान्सफॉर्मर लावूनही आणू नये. ६० हर्ट्झसाठी बनवलेला त्यातला जड ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो. विजेच्या कंपनांवर चालणारे घड्याळ असलेल्या वस्तूही इथे चुकीची वेळ दाखवतात, तासाभरात दहा मिनिटे मागे पडतात.

मुलीला खरेदीपूर्वी खोक्यावरच्या किंवा तळाच्या आकड्यांचा फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. तो इथे टाकलात तर मी पाहून सांगेन.